पाय टेका, दगड आसा खाली!

हा भाग मी घोटावड्यातून, आमच्या घराच्या वरच्या खोलीतून रेकॉर्ड केलाय. मध्येच कुत्री भुंकताना ऐकू आली असतील तर समजून घ्या. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोलण्यातलं थोडं पुढेमागे करून लावलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आमच्या भागात ‘सिंबायोसिस’ म्हणजे लवळ्याची टेकडी. लहानपणापासून तोच अर्थ माहीत. मुळशी तालुक्यात राहून तो शब्द ऐकला नाही असा माणूस सापडणार नाही. पण त्याचा अर्थ काय, हे इंजिनिअरिंग संपेपर्यंत मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मग कळलं की १९७१ साली ती संस्था सुरू करणारे डॉ. शां. ब. मुजुमदार हे फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. शब्द त्यांच्या विषयातला. सिंबायोसिस म्हणजे सहजीवन. दोन वेगळ्या जातीच्या जिवांनी एकमेकांना धरून जगणं.

या शब्दाचं सगळ्यात मोठं उदाहरण समुद्रात आहे, आणि आपल्या मालवणातही आहे. त्याची गोष्ट मला सांगायचीय. पण त्याआधी एक कबुली.

मी काय केलं होतं

नोकरी लागली त्या वर्षी डिसेंबरात आम्ही पाच जण ऑफिसातून मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ला, माशाचं ताट, आणि ठरलेलं स्नॉर्कलिंग. मला पोहता येत नाही. विहिरीत डबा बांधून शिकवायचा प्रयत्न झाला होता, तो फसला. लाइफ जॅकेट घालून, तोंडात नळी धरून मी पाण्यात उतरलो आणि घाबरून हातपाय मारायला लागलो. गाईड शांतपणे म्हणाला, “घाबरू नका, पाय टेका. दगड आसा खाली.”

मी टेकले. दोन्ही पाय. खाली खरंच काहीतरी टणक होतं, गोलसर, खडबडीत. त्यावर उभा राहून मी कॅमेऱ्याकडे बघत अंगठा वर केला. तो फोटो दोन वर्षं माझा डीपी होता.

तो दगड नव्हता. ते पोवळं होतं. जिवंत. गाईडवर ढकलण्यात अर्थ नाही, कारण मलाही तो दगडच वाटला. आणि पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की ही चूक माझी एकट्याची नाही, फार जुनी आहे.

दगड, झाड की प्राणी?

पोवळं आपल्याला माहीत असतं ते अंगठीतलं. माझ्या आत्याच्या बोटात आहे, मंगळासाठी. नवरत्नांमध्ये प्रवाळ आहेच. म्हणजे आपण त्याला हिरा, माणिक, पाचू यांच्या रांगेत बसवलं. शुद्ध दगडांच्या रांगेत.

युरोपात भांडण वेगळं होतं: दगड की झाड? १७०६ साली मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने ताजं लाल पोवळं समुद्राच्या पाण्यात ठेवलं. त्यावर पांढरी नाजूक फुलं उमलली. झालं, निकाल लागला: फुलं येतात म्हणजे झाड! मग मार्सेयचा डॉक्टर पेसोनेल याने १७२०च्या दशकात उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तेच नीट पाहिलं. हात लावला की ‘फुलं’ मिटत होती. हे फूल नाही, हा इवलासा प्राणी आहे, असं त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं. तिथल्या रेओम्यूर या बड्या शास्त्रज्ञाने ते अकादमीपुढे मांडलं खरं, पण पेसोनेलचं नाव न घेता. लोक हसतील, बिचाऱ्याची अब्रू जाईल, म्हणून! पुढे वीस वर्षांत पेसोनेलच बरोबर ठरला.

तर पोवळं म्हणजे प्राणी. एक छोटी नळी, वरच्या टोकाला तोंड, तोंडाभोवती बारीक शुंडकं. याला पॉलिप म्हणतात. असे हजारो पॉलिप शेजारी शेजारी राहतात आणि स्वतःखाली चुन्याचं घर बांधत जातात. मी ज्यावर उभा होतो ते हे घर, आणि माझ्या तळव्याखाली होते ते घरमालक.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. आत्याच्या अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं असतं. ते कमी उजेडात वाढतं आणि त्याच्या अंगात शेवाळ नसतं. मालवणचं पोवळं वेगळं. ते उजेडावर जगतं. आता प्राणी उजेडावर कसा जगेल? उजेडावर झाडं जगतात. खरी गोष्ट इथून सुरू होते.

आईच्या मसाल्याच्या डब्यातून

या कोड्याची किल्ली समुद्रात सापडली नाही. ती सापडली दगडफुलात. तेच, जे आपण काळ्या मसाल्यात, गोड्या मसाल्यात घालतो. वाळलेल्या पानासारखं, एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला राखाडी. नाव बघा: दगडावरचं फूल. प्रत्यक्षात ते दगड नाही, फूलही नाही. ते लायकेन आहे.

१८६७ साली श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने सांगितलं की लायकेन हा एक जीव नाहीच. ती एक बुरशी आहे आणि तिच्या जाळ्यात राहणारं शेवाळ आहे. शेवाळ उन्हात अन्न बनवतं, बुरशी त्याला घर आणि ओलावा देते. लायकेनवर आयुष्य घालवलेले लोक भडकले. आम्ही ज्याला एक नाव दिलं, एक जात मानली, ते दोन निघावेत? श्वेंडेनरने या नात्याला मालक आणि गुलाम अशी उपमा दिली होती, त्यामुळे आणखीच तोंड फुटलं.

मग १८७८ साली जर्मनीत कासेल इथे आंतोन द बारी यांचं भाषण झालं. बुरशीशास्त्रातला मोठा माणूस. ‘सिंबायोसिस’ हा शब्द त्या भाषणामुळे विज्ञानात रुजला. त्यांची व्याख्या साधी होती: वेगवेगळ्या जातींच्या जिवांनी एकत्र जगणं. बस. मैत्री, प्रेम, परोपकार यातलं काही त्यात नव्हतं. एकाने दुसऱ्याला फुकट खाणं हेसुद्धा त्यांच्या हिशेबात सिंबायोसिसच. पुढे आपण त्या शब्दाला गोड करून टाकलं.

हा फरक आपल्या तालुक्यातल्या माणसाला लगेच कळेल. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. गावं पाण्याखाली गेली, वीज मुंबईला गेली. शहर आणि मावळ एकमेकांना जोडून जगतात हे खरं, पण कोण काय देतं आणि कोण काय घेतं हा हिशेब मांडल्याशिवाय नात्याला नाव देऊ नये. पोवळ्याच्या बाबतीत हा हिशेब लागायला शंभर वर्षं लागली.

मुंबईत आलेला शेवाळवाला

१८८१ साली कार्ल ब्रांट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने काही समुद्री प्राण्यांच्या अंगात दिसणाऱ्या पिवळट गोल पेशी तपासल्या. त्या प्राण्याच्या नव्हत्याच. ते एकपेशीय शेवाळ होतं, आत राहायला आलेलं. त्याने नाव दिलं झूझॅन्थेला. म्हणजे साधारण ‘प्राण्यातला पिवळा’.

त्याच वेळी एक तरुण स्कॉटिश माणूस याच प्रश्नामागे होता. त्याने फ्रान्सच्या किनाऱ्यावर हिरव्या रंगाचे चपटे किडे उन्हात ठेवले आणि त्यांच्यातून निघणारा वायू गोळा केला. त्यात भरपूर ऑक्सिजन निघाला. किडा झाडासारखा ऑक्सिजन सोडतोय! १८८२ साली त्याने ‘नेचर’मध्ये मांडलं की ही दोघांची देवघेव आहे. शेवाळ प्राण्याला ऑक्सिजन आणि अन्न देतं, प्राण्याचा कार्बन डायऑक्साइड आणि टाकाऊ नायट्रोजन शेवाळाच्या कामी येतो. त्याने शेवाळाला नाव दिलं फिलोझून, म्हणजे प्राण्यावर प्रेम करणारा. ब्रांटचं नाव टिकलं, याचं मागे पडलं.

या स्कॉटिश माणसाचं नाव पॅट्रिक गेडिस. ओळखीचं वाटतंय? नगररचना शिकलेल्यांना नक्की वाटेल. मेक्सिकोत असताना त्याची दृष्टी काही काळ गेली, सूक्ष्मदर्शकाचं काम अवघड झालं, आणि हळूहळू तो पेशींकडून शहरांकडे वळला. १९१४ साली भारतात आला. होळकरांच्या इंदूरसाठी त्याने १९१८ साली मोठा अहवाल लिहिला. आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा पहिला प्राध्यापक झाला तो हाच.

आता यापुढचं वाचताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. गेडिसच्या व्याख्यानांना बसणाऱ्यांत एक मराठी तरुण होता, गोविंद सदाशिव घुर्ये. गेडिसने त्याला इंग्लंडला पाठवायची शिफारस केली. केंब्रिजला तो रिव्हर्स यांच्या हाताखाली शिकला. १९२२ साली रिव्हर्स वारले आणि घुर्यांचं काम हॅडन यांच्याकडे पूर्ण झालं. हे हॅडन मुळात समुद्री प्राण्यांचे अभ्यासक. १८८८ साली ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टॉरेस सामुद्रधुनीत गेले होते ते प्रवाळांचा अभ्यास करायला, आणि तिथल्या माणसांत रमून मानववंशशास्त्रज्ञ होऊन परतले.

आणि १९२४ साली मुंबईत विभागप्रमुख झालेले, भारतीय समाजशास्त्राचा पाया घालणारे हे घुर्ये जन्मले कुठे? मालवणला. १८९३ साली.

म्हणजे बघा, मालवणच्या माणसाचे दोन गुरू. एकाने प्राणी आणि शेवाळाची देवघेव उलगडलेली, दुसरा प्रवाळ बघायला अर्धं जग ओलांडून गेलेला. आणि मालवणच्या किल्ल्याभोवती पोवळी आपली पाण्याखाली गुपचूप वाढत होती. मी यातून काही मोठा सिद्धांत काढत नाही. फक्त एवढंच वाटलं, की आपल्या उंबऱ्यातली गोष्ट कधी कधी सगळ्यात उशिरा कळते.

अकरा महिन्यांचा करार

देवघेव आहे हे कळलं, पण नक्की काय दिलं-घेतलं जातं? १९२८ साली मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर मुक्काम ठोकून राहिली. त्यांनी जिवंत पोवळी अंधाऱ्या पेटीत कोंडून ठेवली. अंधारात शेवाळ निघून गेलं, पोवळी फिकी पडली, पण मेली नाहीत. याँगने निष्कर्ष काढला: शेवाळ हे पोवळ्याचं जेवण नाही, ते फारतर कचरा उचलणारं आहे. इतक्या मोठ्या माणसाचं मत, त्यामुळे ते बराच काळ चाललं.

१९५८ साली कॅलिफोर्नियात मस्कटीन आणि हँड यांनी पोवळ्याच्या नात्यातला एक प्राणी घेतला, समुद्रफूल. त्याच्या अंगातही असंच शेवाळ असतं. त्याला किरणोत्सारी कार्बन दिला. आपण कोड डीबग करताना जागोजागी लॉग टाकतो ना, डेटा कुठून कुठे गेला ते कळायला, तसंच. शेवाळाने उन्हात पकडलेला कार्बन थोड्या वेळाने प्राण्याच्या शरीरात सापडला. म्हणजे जेवण जातंय! पुढच्याच वर्षी जमैकात थॉमस आणि नोरा गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवलं की उजेडात पोवळं चुन्याचं घर अंधारापेक्षा अनेक पट वेगाने बांधतं. शेवाळ चालू तर बांधकाम चालू.

आज जे माहीत आहे ते थोडक्यात सांगतो. पोवळ्याच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये हे शेवाळ राहतं. एका चौरस सेंटीमीटरमध्ये, म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, दहा लाख किंवा त्याहूनही जास्त पेशी. ते साखर बनवतं आणि बरीचशी मालकाला देतं. काही पोवळ्यांची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज यातून भागते. बदल्यात शेवाळाला सुरक्षित घर मिळतं, कार्बन मिळतो, नायट्रोजन-फॉस्फरस मिळतं. उष्ण कटिबंधातल्या निळ्या, स्वच्छ समुद्रात खत फार कमी असतं. तरी तिथे एवढं जीवन कसं, हा जुना प्रश्न. उत्तर या देवघेवीत आहे: कुणाचाच कचरा वाया जात नाही.

भाताच्या पट्ट्यातले लोक हे लगेच समजतील. आमचे आजोबा भात काढल्यावर त्याच वावरात हरभरा, मसूर टाकायचे. “जमीन सुधारते,” एवढंच सांगायचे. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन धरतात, हे मला पुस्तकात नंतर कळलं. आजोबांनी ते नाव न घेता वापरलं होतं.

पण हे लग्न नाही, भाडेकरार आहे. हिंजवडीत फ्लॅट घेतला असेल तर तुम्हाला अकरा महिन्यांचा करार माहीत आहेच. तसाच. पोवळ्याच्या बहुतेक जातींची पिल्लं शेवाळ जन्मतः घेऊन येत नाहीत. प्रत्येक पिढी आपला भाडेकरू समुद्रातून नव्याने शोधते. आणि मालकही साधा नाही. २०२३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं की पोवळं आपल्या अंगातलं जास्तीचं शेवाळ पचवतंही, आणि त्यातून नायट्रोजन-फॉस्फरस मिळवतं. म्हणजे घरमालक नुसता भाडं घेत नाही, तो शेती करतो आणि पीकही खातो. द बारींची कोरडी व्याख्याच शेवटी जास्त खरी निघाली.

गेडिसलाही उशिरा न्याय मिळाला. २०२२ साली शास्त्रज्ञांनी समशीतोष्ण समुद्रांतल्या अशा शेवाळांच्या एका गटासाठी त्याचं जुनं नाव परत आणलं: फिलोझून. १४० वर्षांनी.

करार कसा मोडतो

आता वाईट बातमी. हा करार एका अंशावर मोडतो.

समुद्राचं तापमान उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमालीपेक्षा फक्त एक अंश सेल्सिअस वर गेलं आणि काही आठवडे तिथेच राहिलं की शेवाळाची उजेड पकडणारी यंत्रणा बिघडते. साखरेऐवजी ऑक्सिजनची घातक रूपं तयार व्हायला लागतात आणि ती मालकाच्या पेशींना जाळतात. पोवळं शेवाळाला बाहेर काढतं. रंग बहुतेक शेवाळाचाच असतो, त्यामुळे पारदर्शक कातडीतून खालचं पांढरं घर दिसायला लागतं. याला म्हणतात ब्लीचिंग. लक्षात घ्या, पांढरं पोवळं मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर थंड झालं तर शेवाळ परत वाढतं. नाही झालं तर उपासमारीने मरतं, आणि मग त्यावर वेगळंच, नको असलेलं शेवाळ चढतं.

१९९८ साली जगातली सुमारे १६ टक्के पोवळी एका फटक्यात गेली असा अंदाज आहे. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं आणि २०२५ पर्यंत जगातल्या प्रवाळक्षेत्रापैकी ८४ टक्के भागाला त्याची झळ बसली. त्यात आपलं लक्षद्वीपही होतं.

डायनासोरांच्या काळापासून चालत आलेला हा करार. साधारण १६ कोटी वर्षं, असा एक अंदाज. आणि तो तुटताना आपण आपल्या आयुष्यात बघतोय.

आणि आपलं मालवण

भारतातली प्रवाळं म्हटलं की पुस्तकात चार नावं यायची: लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात, कच्छचं आखात. कोकणाचं नाव नाही. कारण साधं. पावसाळ्यात आपल्या नद्या सह्याद्रीची माती घेऊन समुद्रात उतरतात, पाणी गढूळ होतं, शेवाळाला ऊन मिळत नाही. इथे पोवळं कशाला राहील? पण १९७९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी, त्यात रत्नागिरी आणि मालवणलाही, जिवंत पोवळी असल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण पोटाचा प्रश्न होता. तो प्रश्न आजही खरा आहे.

स्वच्छ पाण्यातली प्रवाळं बघायची तर विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. तिथे समुद्राच्या पोटात एक पठार आहे, आंग्रिया बँक. नाव कान्होजी आंग्र्यांवरून. त्याचा सगळ्यात उथळ भागही वीसेक मीटर खोल आहे, तरी तिथे पोवळी आहेत, कारण किनाऱ्याचा गाळ तिथवर पोहोचत नाही आणि ऊन खोलवर उतरतं. पुन्हा तेच: शेवाळाला ऊन, तर पोवळ्याला जेवण.

मुंबईतही आहेत बरं का. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीला खडकांवर पोवळी सापडली आणि २०२० साली १८ वसाहती हलवाव्या लागल्या. कायद्याने हे टणक पोवळं वाघाच्या यादीत आहे, वन्यजीव कायद्याची पहिली अनुसूची. वाघावर उभं राहून फोटो काढायची कुणाची हिंमत होईल?

आणि मी मात्र उभा होतो. २०२० साली समुद्रविज्ञान संस्थेच्याच संशोधकांनी मालवणमध्ये हौशी डायव्हिंगमुळे पोवळ्यांच्या होणाऱ्या नुकसानीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याआधी मालवणच्या ब्लीचिंगचीही नोंद त्यांनी केली होती. तो निबंध मी लॅपटॉपवर उघडला तेव्हा जुना डीपी आठवला. गोल, दगडासारखं दिसणारं पोवळं वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर वाढतं, काही तर त्याहून कमी. माझा पाय सव्वीस सेंटीमीटरचा आहे. जेवढी जागा मी दोन मिनिटांत रगडली, तेवढी पसरायला त्या जिवांना माझ्या वयाएवढी वर्षं लागली असतील. एका बाजूने पाणी तापतंय, दुसऱ्या बाजूने गाळ येतोय, आणि त्यात वरून माझे सत्तर किलो.

समुद्राचं तापमान मी एकटा कमी करू शकत नाही. पण पाय उचलणं माझ्या हातात आहे. आजारी माणसाचा ताप आपल्याला उतरवता येत नसेल, तरी त्याच्या छातीवर तरी बसू नये.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा मालवणला गेलो. त्याआधी पुण्यात चार महिने तलावात जाऊन पोहायला शिकलो, या वयात, आठ वर्षांच्या पोरांच्या शेजारी. बोटीवर आधीच विचारलं, “नांगर कुठे टाकणार? वाळूत टाकाल ना?” वल्हं धरलेल्या मुलाने माझ्याकडे जरा चमकून बघितलं, मग हसून म्हणाला, “वाळूतच टाकतंय दादा.” पाण्यात उतरलो. या वेळी पाय मागे सरळ, हात छातीशी. खाली तपकिरी-हिरवट रंगाचा एक गोलसर ‘दगड’ होता. दगड तपकिरी का, ते आता मला माहीत होतं. तो रंग म्हणजे आतला भाडेकरू. करार अजून चालू आहे.

फोटो काढला नाही. हात मोकळे नव्हते.

तुम्ही या सुट्टीत मालवण, तारकर्ली, देवबागला जाणार असाल तर तीन गोष्टी कराल का? पोहता येत नसेल तर काचेच्या तळाच्या बोटीतून बघा, लाज नाही त्यात. पाण्यात उतरलात तर कशावरही उभे राहू नका, कुणी सांगितलं तरी. आणि गाईडला प्रेमाने सांगा की तुम्ही पोवळं बघायला पैसे देताय, पोवळ्यावर चढायला नाही. गिऱ्हाईक तसं मागायला लागलं की बोटवाला तसं वागतो. त्यांचंही पोट त्याच पोवळ्यावर आहे. पोवळं गेलं तर दाखवणार काय?

आणि घरी गेलात की मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल एकदा हातात घेऊन बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.